तांदळातली बाटली

बदलापुरात घरी केक करून विकणारी बाई आता प्रत्येक इमारतीत एक तरी सापडते. त्यांच्यात आपलं काहीतरी वेगळं हवं, म्हणून मी व्हॅनिलाचा अर्क घरीच करायचा ठरवला. त्यात कसब काही नाही. व्हॅनिलाच्या काळ्या, सुकलेल्या शेंगा उभ्या चिरायच्या, व्होडकात बुडवायच्या, अंधारात ठेवायच्या आणि मधूनमधून बाटली हलवायची. काही महिन्यांनी चहाच्या रंगाचा अर्क तयार. शेंगा कुरियरने आल्या. व्होडका मात्र मलाच आणावी लागली, कारण नवरा म्हणाला, "या घरात बाटली मी आणणार नाही. तुला आणायची तर आण, आणि कुठे ठेवतेस ते मला सांगू नकोस."

त्याचं बरोबर होतं. माझे धाकटे दीर तेव्हा आमच्याकडे राहत होते. त्यांच्या दारूपायी बायको मुलीला घेऊन जांभूळला माहेरी गेली होती. त्यानंतर त्यांनी पिणं सोडलं आणि अंबरनाथच्या कारखान्यात पुन्हा कामावर जायला लागले. सुटलंय याची खात्री पटली की परत येईन, असं तिने सांगितलं होतं. सगळं घर त्या खात्रीकडे डोळे लावून बसलेलं, आणि मला व्होडका सुचली होती.

बदलापुरात माझी गिऱ्हाइकं पावलोपावली भेटतात. म्हणून उल्हासनगरला केकचे खोके आणायला गेले तेव्हा तिथल्याच एका वाइन शॉपमध्ये शिरले. काउंटरवरच्याने विचारलं, "भाभी, साथ में सोडा दूँ?" मी त्याला केक कसा करतात ते सांगत बसले. त्याने समजूतदारपणे मान डोलावली, आणि माझा जास्तच जळफळाट झाला. चोराच्या मनात चांदणं. बाटली केकच्या खोक्यात घातली आणि रिक्षात ते खोकं मांडीवर घट्ट धरून बसले.

घरी येऊन शेंगा घातल्या आणि तांदळाच्या मोठ्या डब्यात बाटली खोल पुरली, आपण चिकू पिकायला ठेवतो तशी. रोजचे तांदूळ वेगळ्या लहान डब्यात असतात, मोठ्याला मीच तेवढा हात लावते. अंधार होता, काच फुटायची भीती नव्हती आणि दिरांना दिसायचा प्रश्न नव्हता. स्वतःच्या हुशारीचं मला कौतुकच वाटलं. पुढे रोज, ते कामावर गेले की, मी बाटली वर काढायचे, हलवायचे आणि पातळी बघायचे. खरं तर आठवड्यातून एकदा हलवली तरी पुरते. रोज काढायचे ती बघण्यासाठीच. लेबलच्या वर जिथे होती तिथेच असायची. मग हुश्श करायचे आणि लगेच स्वतःची लाजही वाटायची. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा हात डब्यात.

एका सकाळी त्यांना दुपारची शिफ्ट होती, म्हणून ते कुकर लावत होते. लहान डबा रिकामा निघाला. माझे हात क्रीमने भरलेले. ते मोठ्या डब्याकडे वळले तशी मी ओरडलेच, "भाऊजी, थांबा."

"बाटलीला धक्का नाही लावत," ते शांतपणे म्हणाले आणि कडेकडेने तांदूळ काढले. "केव्हाच कळलंय मला. तांदळाच्या डब्यात मीपण ठेवायचो, वहिनी. माझा पहिला हात तिकडेच जातो."

"केकसाठी आहे," मी एवढंच म्हणाले.

"माहितीये. शेंगा दिसतात ना आत. आणि तुम्ही रोज बघता, तेपण माहितीये. खाली तांदूळ सांडलेले असतात." ते तांदूळ धुवायला लागले. "बघत जा. बरंच आहे मला. कोणीतरी बघितलेलं पाहिजे."

त्याच रविवारी त्यांनी बायकोला फोन करून बाटलीचं स्वतःच सांगून टाकलं. तिला मागाहून कळलं असतं तर सगळंच संपलं असतं. मग त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"ताई," तिने विचारलं, "घरात बाटली आहे म्हणतात. कमी झाली का हो जराशी तरी?"

उत्तर माझ्याजवळ होतं. सगळ्या जगात एकट्या माझ्याजवळ होतं. पण समोर दीर उभे, सोफ्यावर नवरा बसलेला, आणि त्यांच्या देखत आपण घरातल्या माणसावर पाळत ठेवतो हे कबूल करायला माझी जीभ रेटेना. मला चांगली वहिनी दिसायचं होतं.

"छे गं, मी कशाला बघत बसू?" मी म्हणाले. "माझा विश्वास आहे भाऊजींवर."

"विश्वास तर माझापण होता, ताई," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

दीर रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोसलं असतं. "रोज बघत होतात ना, वहिनी," ते म्हणाले. "आज फक्त सांगायचं होतं."

मी तिथल्या तिथे परत फोन लावला. रोज काढून बघते, एक थेंब कमी झालेला नाही, मघाशी लाजेपायी खोटं बोलले, सगळं धडाधडा सांगून टाकलं.

"हे बोलायला त्यांनीच लावलं का, ताई? ते बाजूलाच उभे आहेत ना?" तिने विचारलं.

ते बाजूलाच उभे होते.