अर्जावरून गेलेला प्रश्न

ओलिंडा रेझेंडेसला मी नोकरीवर घेतलं ते २०१३ च्या मार्चमध्ये. अमेरिकेतल्या न्यू बेडफर्ड या बंदराच्या गावातल्या एका पावाच्या कारखान्यात माणसं भरायचं काम तेव्हा माझ्याकडे होतं. ती पंचावन्नची होती. कडक इस्त्रीचा करडा कोट घालून आली होती. अर्ज भरून तिने माझ्या टेबलावर ठेवला आणि तशीच उभी राहिली.

"बसा ना, दोना ओलिंडा," मी आमच्या पोर्तुगीज रीतीने आदराने म्हटलं.

"बाई, यातलं एक पान राहिलंय वाटतं."

मी पानं पाहिली. "नाही, सगळी आहेत."

"तो प्रश्न नाहीये. कधी शिक्षा झाली होती का म्हणून. हो आणि नाहीचे दोन चौकोन असायचे."

"तो काढला. मॅसॅच्युसेट्समध्ये आता अर्जावर तसं विचारता येत नाही. कायदा होऊन दोन-अडीच वर्षं झाली."

ती खुर्चीच्या कडेला टेकली. "मग विचारता कधी?"

"आम्ही विचारतच नाही. माणूस घ्यायचं ठरलं की त्याची सही घेऊन राज्याच्या दप्तरातून माहिती मागवतो. आणि गुन्हा मोठा असला तरी शिक्षा संपून दहा वर्षं उलटली असतील, तर आम्हाला तो दिसत नाही."

"म्हणजे तुम्हाला कळणारच नाही?"

"नाही."

तिने हातातली पर्स मांडीवर ठेवली. "मग मीच सांगते."

मी पटकन हात वर केला. "नका सांगू. तुम्ही सांगितलंत की मला ते लिहून वर पाठवावं लागेल, आणि आमचा मालक कसा आहे ते तुम्हाला माहीत नाही. नोकरी हवीये ना?"

तिने मान हलवली, सही केली आणि गेली. चार दिवसांत माहिती आली: नोंद नाही. मी खूश होते. एका बाईचं भलं केलं, असं मला वाटत होतं.

ती नऊ वर्षं आमच्याकडे होती. पाव पिशव्यांत भरायच्या सरकत्या पट्ट्यावर तिसरी जागा तिची. एक दिवस उशीर नाही, कोणाशी भांडण नाही. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बायका सुनांची उणीदुणी काढत बसायच्या. ओलिंडा खिडकीजवळच्या बाकावर डब्यातलं केल नावाच्या कोबीसारख्या पालेभाजीचं सूप संपवायची आणि डबा धुऊन पाच मिनिटं आधीच जागेवर जायची. एकदा शेजारच्या जागेवरच्या फातिमाने तिला छेडलं, "काय गं, तू बोललीस की तुझा पगार कापतात का?" ओलिंडा हसली. फातिमाने नंतर नाद सोडला. ईस्टरला गोड पावाचं काम वाढलं की जादा वेळ तीच थांबायची, कारण घरी तिची वाट बघणारं कोणी नव्हतं.

ती निवृत्त झाली, पुढच्या वर्षी मीही. मग एका रविवारी मी तिच्या घरी गेले. तीन मजली लाकडी घर, ती सर्वांत वर. टेबलापाशी खुर्ची एकच होती. माझ्यासाठी तिने न्हाणीघरातलं स्टूल पुसून आणलं.

"त्या दिवशी काय सांगायचं होतं तुम्हाला?" मी विचारलं.

तिने आधी कॉफी ओतली.

"माझा नवरा दुआर्ते मारायचा. त्र्याऐंशी साली एका सकाळी मी धक्क्यावर गेले आणि त्याची बोट पेटवली. त्या बोटीचं मला कधी वाईट वाटलं नाही, अजूनही नाही. पण वारा होता. शेजारी जुवेनाल तावारेसची बोट होती, तीही गेली. साधा माणूस. मला बघून टोपी काढायचा. तीन वर्षं आत होते. मुलगी चार वर्षांची होती. तिला आजी पोर्तुगालच्या साओ मिगेल बेटावर घेऊन गेली आणि आई मेली म्हणून सांगितलं."

सुटून आल्यावर तिने मासळीच्या कारखान्यात, पडद्यांच्या गिरणीत, शाळेच्या स्वयंपाकघरात अर्ज केले. दर वेळी 'हो'च्या चौकोनात खूण केली आणि खाली जागा असायची तिथे जुवेनालच्या बोटीबद्दल लिहिलं. कोणीच बोलावलं नाही. मग तिने अर्ज करणं सोडलं आणि पंचवीसेक वर्षं लोकांच्या घरच्या फरशा पुसल्या.

"खोटं का नाही लिहिलंत?"

"ते विचारणारं तेवढंच एक ठिकाण होतं," ती म्हणाली. "दुसरं कोण विचारत होतं मला? तुझ्याकडे आले तर तेही काढून टाकलेलं."

जुवेनालच्या घरचं कोणी आहे का, मी विचारलं. जुवेनालचा मुलगा बंदरावर दोरखंड-जाळ्यांचं दुकान चालवतो, हे तिला माहीत होतं. त्या रस्त्याने ती चाळीस वर्षं गेली नव्हती. मी म्हटलं, "चला, मी गाडी आणलीये."

दुकानात तो एकटाच होता, जाडसर, पन्नाशीच्या आसपासचा. ओलिंडाने नाव सांगितलं, मग बोटीचं सांगितलं. एकदाही अडखळली नाही. तो काउंटरवर कोपर टेकून ऐकत राहिला.

"बाबांना जाऊन वीस वर्षं झाली," तो म्हणाला. "मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. नंतर ते बर्फाच्या कारखान्यात लागले. रोज संध्याकाळी घरी असायचे. आम्हा पोरांना ते बरंच वाटलं."

"मला शिव्या देत असतील."

"तुमचं नाव कधी काढल्याचं आठवत नाही, बाई. खरंच नाही." मग गिऱ्हाईक आलं आणि तो तिकडे वळला.

गाडीत बसून तिने पट्टा लावला. मग म्हणाली, "आता कोणाला सांगू?"

मुलीला पत्र लिहू या, पत्ता मी शोधते, असं मी म्हटलं. ती म्हणाली, बघू. तिला दारात सोडलं. वर ये, म्हणाली नाही.

मी महिन्यातून एकदा फोन करते. थंडीचं बोलतो, गुडघ्यांचं बोलतो. पत्ता मी शोधून दिलाय. पत्राचा विषय ती काढत नाही, आणि विचारायला माझी जीभ रेटत नाही.