लांबी एकाहत्तर सेंटिमीटर

गेल्या मंगळवारी इथे आखातात, जबल अलीच्या ऑफिसात, एसीत बसल्या बसल्या, माझ्यामुळे एक मासा मेला. बाहेर पंचेचाळीस डिग्री, समोर चहाचा कप, आणि मासा हजारो मैल लांब कुठल्याशा थंड नदीतला... पण मेला माझ्यामुळेच.

आधी काम सांगते, म्हणजे कळेल. तिकडे एका नदीवर लोक हौसेने गळ टाकून सॅमन पकडतात आणि परत पाण्यात सोडतात. प्रत्येकाची एक वही असते. दर महिन्याला त्या वह्यांची पानं स्कॅन होऊन येतात आणि आम्ही चौघीजणी ती सिस्टिममध्ये भरतो.

मी रेवदंड्याची. मासा पकडून सोडायचा आणि वर त्याची नोंद ठेवायची, हे मी आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना कालवण करता येत नसेल गं."

नियम साधा आहे. सोडलेल्या माशाची तारीख, जागा आणि लांबी लिहायची. लांबी नसेल तर तो मासा सोडलाच नाही असं धरून 'मारलेले' या रकान्यात टाकायचा. त्या नदीवर मासा मारायला बंदी आहे, त्यामुळे असे तीन झाले की परवाना रद्द.

आमच्या वह्यांत एक आजोबा होते. मीच त्यांना मनातल्या मनात आजोबा म्हणायचे. ऐंशीच्या पुढचे, थरथरतं अक्षर, आणि लांबीचा रकाना कायम कोरा. शेऱ्यात मात्र दर वेळी तेच... जोरात पोहत गेला, थँक यू.

हे थँक यू माशाला, की नदीला, की आणखी कोणाला, मला कधी कळलं नाही. पण ते पान आलं की बरं वाटायचं. दिवसभर आकडे बडवणाऱ्या बाईला तेवढंही पुष्कळ असतं.

पहिली दोन वर्षं मी काय केलं, तर आपलं नेहमीचं... अ‍ॅडजस्ट. कोरा रकाना दिसला की अंदाजे साठ टाकून मोकळी. एवढ्याशासाठी म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास द्यायचा, असा माझा शहाणपणा. त्यामुळे असा काही नियम आहे हे त्या बिचाऱ्यांना कळलंच नाही.

यंदा ऑडिट लागलं. आमचे सुपरवायझर शाहिदभाई टेबलाशी येऊन म्हणाले, "मॅडम, अपने मन से कुछ नहीं भरना. खाली है तो किल्ड में डालो और नोटिस भेजो." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांचा काय, माझा काय, व्हिसा याच नोकरीवर आहे.

मी घाबरले, सरळ सांगते. आजोबांचे त्या महिन्याचे दोन मासे मी मारलेल्यात टाकले. ते दोन्ही जोरात पोहत गेले होते, तसं शेऱ्यात लिहिलंही होतं. मग नोटीस पाठवली... यापुढे लांबी मोजून लिहावी, अन्यथा परवाना रद्द होईल. खाली माझं नाव.

मंगळवारी त्यांचं पान आलं. एकच नोंद, आणि लांबीच्या रकान्यात चक्क आकडा, एकाहत्तर सेंटिमीटर. शप्पथ सांगते, मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या सुनीताला ओढून ते दाखवलं.

मग शेरा वाचला. या वेळी तो लांबलचक होता.

मोजण्यासाठी मासा पाण्याबाहेर धरावा लागला, असं लिहिलं होतं. हात आता पूर्वीसारखे चालत नाहीत, वेळ लागला. परत पाण्यात सोडला तर तो कलंडला. अर्धा तास त्याला प्रवाहात धरून उभा होतो, पण तो पोहत गेला नाही. मी कधी मोजत नव्हतो, ते याचसाठी.

'सोडला'वर काट मारून त्यांनी स्वतःच्या हाताने 'मारला'वर खूण केली होती. लांबी होती, सोडला म्हणून लिहिलं असतं तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. पण ते माझ्यासारखे अ‍ॅडजस्ट करणारे नव्हते. पानासोबत परवाना जोडला होता, परत केलेला.

मी पान घेऊन शाहिदभाईंकडे गेले. म्हटलं, निदान आधीचे दोन तरी सोडलेल्यात घेऊ या, ते खरंच सोडले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. "खलास, मॅडम. वो महीना लॉक हो गया." पान परत देत म्हणाले, "आप चाय पी लो."

म्हणजे आयुष्यभर मासे सोडणाऱ्या माणसाच्या नावावर आता तीन मारलेले मासे आहेत. ते कायमचे. त्यातले दोन मी मारले, कीबोर्डवर. तिसरा मी त्यांच्याकडून मारून घेतला.

संध्याकाळी गाडीत लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "आई, यू वेअर जस्ट डूइंग युअर जॉब." हे वाक्य तिच्या तोंडून ऐकून मला जास्तच वाईट वाटलं. तिने कधी कोणाला असं म्हणू नये असं वाटलं.

आजोबांना पत्र लिहायची आम्हाला परवानगी नाही, म्हणून इथे लिहितेय. ते हे वाचणार नाहीत, माफीही पोचणार नाही, ठाऊक आहे मला...

त्या दिवशी शाहिदभाईंकडून येऊन मी ती नोंद भरली. तारीख, जागा, लांबी, सगळं जिथल्या तिथे. तीन वर्षांत आजोबांची ही पहिलीच नोंद, जिच्यात मला खोटं काही घालावं लागलं नाही. सिस्टिमने लगेच हिरवी खूण दाखवली.

शेरा मी पुन्हा एकदा शेवटपर्यंत वाचला. थँक यू कुठेच नव्हतं.