वास शर्टाला होता

२०१५ साल. मी एकसष्ट वर्षांचा.

भर दुपार. मालकांचं खळं, घरापुढचं अंगण. माझ्या काखेत तांबडा कोंबडा, कोणीतरी कोंबलेला. समोर मालक, हातात गावठीची बाटली. बाटली त्यांनी पेपरात गुंडाळून धरली होती, हाताला लागू नये म्हणून. भोवती बागेतले आठ-नऊ गडी. पायरीवर मालकांचा मुंबईचा जावई, मोबाईल उभा धरून.

"तोंड उघड," मालक म्हणाले.

मी उघडलं नाही.

"उघड म्हणतो ना. एक घोट घे आणि राखण देऊन मोकळा हो. तुझा येशू काय इथे बघत बसलाय?"

गडी हसले. माझ्याबरोबर तीस वर्षं झाडावर चढलेला एक जण सगळ्यांत मोठ्याने हसला. म्हणाला, "पाद्रीबुवा लाजतायत ओ मालक!"

मालकांनी बाटली माझ्या ओठाला लावली. काच दातांवर वाजली. मी दात आवळून धरले. दारू हनुवटीवरून गळ्यावर आली, गळ्यावरून शर्टात. बाटली अर्धी होईपर्यंत त्यांनी हात काढला नाही. मीपण मान काढली नाही. कोंबडा धडपडत होता, त्यालाही सोडला नाही.

रविवार होता. शर्ट पांढरा होता. प्रार्थनेहून तसाच बोलावून आणला होता मला.

राखण म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे माझा राग कळेल. आमच्याकडे मोठ्या बागेला राखणदार असतो असं मानतात. आंबा मोहरला की त्याला कोंबडा आणि दारू द्यायची. म्हणजे वर्षभर तो कलमांना सांभाळतो. मालकांच्या घरात मासळीसुद्धा शिजत नाही. कोंबड्याला हात लावणार कोण? दारू ओतणार कोण? मी. कोंबडा मी कापायचा, दारू मी ओतायची, उरलेली मी प्यायची. ते लांब उभे राहायचे, नाकाला उपरणं लावून. राखण त्यांची, पाप माझं, आंबा त्यांचा. चौतीस वर्षं असं चाललं. मला त्यात मान वाटायचा, हे लिहायला आज लाज वाटते.

राखणदाराशी माझं भांडण नाही. गावच्या देवाला मी कधी वाईट बोललो नाही, आजही बोलत नाही. ज्याला द्यायचंय त्याने द्यावं. स्वतःच्या हाताने द्यावं, एवढंच.

मी तिसरी शिकलो. त्यातली दोनच वर्षं धड गेलो. पण झाडाचं मला कळायचं. कुठली फांदी पेलेल, कुठलं फळ अजून आठ दिवस थांबेल, मी खालून बघून सांगायचो. आणि प्यायचो. सकाळी चढायच्या आधी, दुपारी उतरल्यावर, घरी जाताना. घरी गेल्यावर बायकोला मारायचो. एकदा तिचा डावा हात मोडला. तो नीट बसला नाही, अजून तिला हंडा उजव्या कमरेवरच घ्यावा लागतो. मी दाराशी आलो की ती आधी कोयता लपवायची. आल्याचा आवाज ऐकला की कोयता तांदळाच्या कणगीमागे.

हे सगळ्या गावाला माहीत होतं. तिचा हात मोडला तेव्हा गावकी बसली नाही. मी गटारात पडायचो तेव्हा बसली नाही. मी बाप्तिस्मा घेतला तेव्हा बसली. देवळासमोर, सतरंजी घालून. मला विचारलं, "काय मिळालं तुला? तांदूळ मिळाला? पोराला नोकरी मिळाली?"

काय मिळालं ते सांगतो.

२०१३ साली मी पिऊन चढलो आणि कलमावरून पडलो. मांडीचं हाड मोडलं. शहरात इस्पितळात ठेवलं. शेजारच्या खाटेवर एका माणसाचा भाऊ आजारी होता. तो माणूस एस्टीतून रिटायर झालेला ड्रायव्हर. भावाच्या उशाशी बसलेला असायचा. मला दारू मिळेना. अंग थरथरायला लागलं, भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या. अंथरुणातच सगळं झालं. मी तोंड फिरवून पडलो होतो. हा उठला, बादली आणली, आणि मला पुसला. लहान पोराला पुसतात तसा. नाकाला काही लावलं नव्हतं. ते मी बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा असा माणूस बघितला, जो माझी घाण काढताना नाकाला काही लावत नाही.

मी विचारलं, "तुम्ही कोण माझे?"

म्हणाला, "कोण नाय. मी पण असाच पडलेला होतो. माझी काढली कोणीतरी."

मालक एकदा बघायला आले. खाटेपासून चार हात लांब उभे राहिले. पाय बघून म्हणाले, "राखणीपर्यंत उभा राहशील ना रे?"

दोन माणसं. दोन बोलणी. मी अडाणी असलो तरी एवढं मला वाचता आलं.

ड्रायव्हरने मला येशूचं सांगितलं, पण मागे लागला नाही. मीच घरी आल्यावर त्याला शोधत गेलो, काठी टेकत. पुस्तक वाचायला बसलो, बोट फिरवत, एकेक अक्षर. एक पान वाचायला मला दोन दिवस लागायचे. दारू एका दिवसात सुटली असं मी सांगत नाही. कितीदा गुत्त्याच्या वाटेला लागलो आणि अर्ध्यावरून परत आलो. घामाने भिजून. पण सुटली. हात उचलायचाही सुटला. कोयता मात्र कणगीमागेच राहिला. बायको अजून वाट बघत होती. बरोबर होतं तिचं.

पहिल्या वर्षी माझा पाय धड नव्हता म्हणून राखण दुसऱ्याने दिली. त्या साली मोहोर तुडतुड्याने खाल्ला. खापर माझ्यावर फुटलं. माझ्यामुळे राखणदार कोपला म्हणाले. म्हणून दुसऱ्या वर्षी मला धरून आणला. म्हणून ती बाटली.

आता खळ्यात परत येतो.

दारू गळ्यावरून उतरत होती आणि माझ्या मनात काय होतं ते खरं सांगतो. मला मोठेपणा वाटत होता. वाटलं, येशूला क्रुसावर खिळे मारले तेव्हा त्याच्याही तोंडाला आंब, आंबट दारू, लावली होती. मीपण तसाच उभा आहे. छाती फुगली माझी.

तेवढ्यात मालक म्हणाले, "एवढा बदललास म्हणतोस. काय बदललं तुझ्यात? सांग की सगळ्यांना. आम्हाला तर तोच दिसतोस."

आणि माझी नजर खळ्याच्या कडेच्या पोफळीवर गेली. त्या पोफळीला सहा वर्षांपूर्वी एक माणूस बांधला होता.

नेपाळी होता. बाग राखायला ठेवलेला. त्याला सगळे बहादूर म्हणायचे. बागेत येणाऱ्या सगळ्याच नेपाळ्यांना बहादूर म्हणायचे. पेट्या कमी भरायला लागल्या तेव्हा त्याला धरला. आंबे मी चोरत होतो. गुत्तेवाल्याला देत होतो, दारूवर. तो रडत होता, "मैं नहीं, मालिक." मी बाजूलाच उभा होतो. मालक मला म्हणाले, "तू मार. बागेतला जुना माणूस तू." पहिली थोबाडीत मी मारली. मग बाकीच्यांनी. मग चपला. मग त्याची वळकटी रस्त्यावर फेकली.

फुगलेली छाती तिथेच बसली. या खळ्यात निर्दोष माणूस एकदाच उभा राहिला होता. तो मी नव्हतो. मी मारणाऱ्यांतला.

मी कोंबडा खाली ठेवला. म्हणालो, "मालक, बदललं काय ते सांगतो. तुमचे आंबे मी चोरायचो. बहादूरने एक फळ घेतलं नव्हतं. तेव्हा बोललो नाही. आता बोलतो. हे बदललं."

जावयाने मोबाईल खाली केला. मला वाटलं, आता मारतील. पोलिसात देतील. मी तयार होतो.

मालक हसले.

"ते मला तेव्हाच माहीत होतं," म्हणाले.

मला कळेना. ते समजावून सांगायला लागले, शांतपणे, पोराला हिशेब शिकवावा तसे. "अरे, नेपाळी काय, दुसरा मिळतो. तुझ्यासारखा झाडावरचा माणूस कुठून आणू? राखण कोण देणार? चोर चालतो मला. दारुडा चालतो. हे तुझं नवीन काढलंयस ना, हे नाही चालत. सोड ते. झालं गेलं मी विसरलो. घे तो कोंबडा."

म्हणजे माहीत होतं. आणि मारायला मलाच सांगितलं. चोराकडून निर्दोषाला मारवलं, म्हणजे चोर जन्मभर मिंधा. मी चौतीस वर्षं ज्याला मान समजत होतो तो हा होता.

मी म्हणालो, "मी नाही विसरलो."

एवढंच. कोंबड्याच्या पायाची दोरी सोडली आणि खळं उतरलो. मागून कोणीतरी म्हणालं, "जातोस कुठं मेल्या, उद्या येशीलच पाय धरायला." मी वळलो नाही.

घर यायला अर्धा तास लागतो. उन्हात शर्ट वाळत होता आणि वास वाढत होता. वाटेत दोन बायका भेटल्या, त्यांनी पदर नाकाला लावला. एक म्हणाली, "झाला गो पहिल्यासारखा." मला ओरडून सांगावंसं वाटलं. काय सांगणार? दारूचा वास येणाऱ्या माणसाने मी प्यायलो नाही सांगायचं, हे मी आधी हजारदा केलेलं होतं.

दाराशी पोचलो. बायको तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. वास आला तिला. ती उठली, भिंतीचा कोयता घेतला आणि कणगीमागे ठेवला. थोडे दिवसच झाले होते तो भिंतीला लागून. तिने स्वतःच काढून लावला होता. मी बघितलं होतं आणि बोललो नव्हतो. दीड वर्ष लागलं होतं तो कोयता कणगीमागून भिंतीवर यायला. परत जायला एक शर्ट पुरला.

बाटलीने माझं काही बिघडवलं नव्हतं. त्या कोयत्याने मी दारातच खाली बसलो.

बऱ्याच वेळाने ती समोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "तोंड दाखवा."

मी तोंड उघडलं. मालकांसमोर उघडलं नव्हतं, तिच्यासमोर उघडलं. तिने वाकून वास घेतला. मग शर्टाचा घेतला. मग परत तोंडाचा.

"तोंडाला नाय," म्हणाली. "शर्टाला हाय. कोणी ओतली?"

मी सगळं सांगितलं. बहादूरचंही. ते तिला कधी सांगितलं नव्हतं. ती ऐकत राहिली. रडली नाही, मला जवळ घेतलं नाही, तशी ती नव्हेच. शर्ट काढून घेतला आणि पाण्यात टाकला. पाठमोरी राहून म्हणाली, "तुमचं तोंड मी हुंगलं म्हणून मला कळलं. तुम्ही बदललात ते त्या नेपाळ्याला कसं कळणार? तो कुठं हाय?"

मला माहीत होतं तो कुठे आहे. हातखंब्याला, हायवेच्या कडेच्या हॉटेलात भट्टीवर. एस्टीतून दोनदा दिसला होता. दोन्ही वेळा मी मान खाली घातली होती. दुसऱ्या वेळेला तर गळ्यात क्रूस होता माझ्या.

मला आजही लोक विचारतात, तुझा देव खरा कशावरून. शिकलेले विचारतात, वाद घालायला. मला वाद येत नाही. पुस्तकातली वचनं मी अडखळत वाचतो. मी एवढंच म्हणतो, बायकोला विचारा कोयता कुठे आहे. आणि तेही मी फुशारकीने सांगत नाही, कारण त्या रात्री तो कणगीमागेच होता. वास घेऊनसुद्धा तिने तो परत भिंतीला लावला नाही. तोंडाने सांगितलेला बदल तिने खूप ऐकला होता.

सकाळी उठलो. शर्ट अजून ओलसर होता, तोच घातला. पहिली एस्टी धरली. हातखंब्याला उतरलो. हॉटेलात ट्रकवाले चहा पीत होते. तो कढईत वडे सोडत होता. केस पिकले होते त्याचे. मी भट्टीसमोर जाऊन उभा राहिलो. त्याने मला ओळखलं. झारा हातात घट्ट धरला.

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "आंबे मी चोरले होते. मार तू खाल्लास. पहिला हात माझा होता."

ट्रकवाले वळून बघायला लागले. त्याने वडे काढले, निथळले, परातीत टाकले. गॅस बारीक केला. मला वाटलं झारा मारेल. मारला असता तर बरं झालं असतं.

"मला काय सांगतो," तो म्हणाला. मराठी शिकला होता. "मला माहीत आहे मी चोर नाही. बाजूच्या बागेत माझ्या गावचे लोक होते. त्यांनी घरी सांगितलं. बाप बोलला, चोर पोरगा नको. सहा वर्षं झाली. मी घरी गेलो नाही."

मी पाय धरायला वाकलो. तो मागे सरकला.

"पाय नको." त्याने हात पुसले, खिशातून मोबाईल काढला, नंबर लावला. वाजत होतं. त्याने स्पीकर चालू केला आणि मोबाईल माझ्या हातात दिला.

"बाप आहे. हिंदी समजतो. सांग."

पलीकडून म्हाताऱ्याचा खोकला आला. मग, "कौन?"

मी ताठ उभा राहिलो. माझं नाव सांगितलं. माझ्या बापाचं नाव, गावाचं नाव, सगळं. मग म्हणालो, "चोर मैं हूँ."