आरशातली सेमीफायनल

नाव घेत नाही, पण काही माणसांना दुसऱ्याच्या घरी जाऊन रडायची फार घाई असते. समोरच्याच्या डोक्यावर केस दिसले नाहीत की यांचे डोळे भरून येतात. विचारायचं नाही, थांबायचं नाही, थेट खांद्यावर हात! अशा लोकांमुळेच आखातातल्या आमच्या या अब्बासिया वस्तीत मान वर करून चालायची माझी सोय राहिलेली नाही.

चहा घ्या आधी. माझी फजिती ऐकताना तो नाकातून येईल, म्हणून म्हणतोय.

तर इंग्लंडच्या एका फुटबॉल क्लबवर माझं प्रेम आहे. क्लबचं नाव सांगत नाही. त्यांना आधीच त्रास कमी नाहीत. कॉलेजात सगळी पोरं जिंकणाऱ्या क्लबांचे टी-शर्ट घालून मिरवायची. मी तत्त्व म्हणून हरणारा क्लब शोधून काढला. जिंकणाऱ्याच्या मागे उभं राहायला काय अक्कल लागते हो?

पण गेल्या मोसमात या क्लबने माझ्या तत्त्वांचीही परीक्षा बघितली. लीगमध्ये दर आठवड्याला मार. तक्त्यात आम्हाला शोधायचं तर बोट खालून वर न्यायचं, आणि तेही फार वर नाही. शेवटच्यांना पुढच्या वर्षी खालच्या वर्गात ढकलतात. आम्ही त्याच रांगेत उभे! मालकांनी चांगले खेळाडू विकले, तिकिटं महाग केली, आणि मॅनेजर प्रत्येक पराभवानंतर म्हणायचा, ‘यातून खूप शिकायला मिळालं.’ अरे, शिकायचंच होतं तर शाळेत जायचंस!

माझं रक्त उसळलं. मी एका हॉस्पिटलात यंत्रं दुरुस्त करतो. बिघाड दिसला की गप्प बसणं मला जमत नाही. आमच्या मराठी मंडळाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर मी भलामोठा मजकूर टाकला: ‘हा मॅनेजर जात नाही तोवर मी या क्लबचा एकही सामना बघणार नाही!’ माझ्या फोनवरची चॅनेलची वर्गणी बंद केली, त्याचा फोटोही टाकला. वर, जे अजून सामने बघतात ते मालकांचे हुजरे आहेत, असंही लिहिलं. इंग्लंडमध्ये याची कोणी दखल घेतली का, ते कृपया विचारू नका.

माझ्या खोलीत राहणारा प्रशांतदादा लातूरचा, हॉस्पिटलात नर्स. तो म्हणाला, “आरं, तू उपाशी राहिल्यानं त्यांचं पोट दुखणार हाय का?”

“प्रश्न तत्त्वाचा आहे, दादा.”

“बरं. मग मी मॅच लावली की तू बाहेर जात जा. तुझं तत्त्व भिंतीकडं तोंड करून बसतंय, मला जेवण जात नाही.”

आणि इथेच क्लबने दगा दिला. लीगमध्ये हरणारे तेच गडी, तोच मॅनेजर, कपमध्ये जिंकायला लागले! कप म्हणजे वेगळी स्पर्धा. हरलात की घरी, जिंकलात की पुढची फेरी. मंगळवारी लीगमध्ये धुलाई, शनिवारी कपमध्ये विजय. हा काय चावटपणा?

आता मला सांगा, माणसाने काय करावं? बघितलं तर शब्द मोडतो, नाही बघितलं तर जीव जातो.

कपच्या एका शनिवारी संध्याकाळी मी असाच रस्त्यावर फिरत होतो. कोपऱ्यावर इम्रानभाईचं केस कापायचं दुकान. दोन खुर्च्या, समोर आरसा आणि मागच्या भिंतीवर टीव्ही. टीव्हीवर आमचाच सामना! दारात घुटमळलो तर इम्रानभाई म्हणाला, “अंदर आओ, भाईसाब. मगर कुर्सी पे बैठना है तो काम करवाना पड़ेगा.”

बसलो. तोंड आरशाकडे, टीव्ही पाठीमागे. आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी सामना बघतच नव्हतो! मी आरशात बघत होतो. आता केस कापताना माणूस आरशात नाही बघणार तर कुठे बघणार? शब्द शाबूत!

आरशात सगळं उलटं दिसतं, हे खरं. डावखुरा खेळाडू उजवा व्हायचा, आम्ही पुढे आहोत असं वाटायचं तेव्हा मागे असायचो. अरबी समालोचक ओरडला की मी समजून घ्यायचो.

त्या दिवशी केस कापून झाले. पुढच्या फेरीला दाढी आणि तोंडाला काळा लेप. त्याच्या पुढच्या फेरीला डोक्याची मालिश. खोलीवर गेलो की प्रशांतदादा बघायचा. “काय रे, पोरगी बघितलीस का काय? लई चकचकीत दिसतोयस.” मी म्हणायचो, “स्वच्छता, दादा.” मॅनेजर जागचा हलत नव्हता, मी दिवसेंदिवस देखणा होत होतो.

मग आली सेमीफायनल. समोर लीगमधला एक नंबरचा क्लब. बरोबरी सुटेना. जादा वेळ मिळाला. इकडे इम्रानभाईचं माझ्या डोक्यावरचं काम संपलेलं, आणि बाकड्यावर गिऱ्हाइकं ताटकळलेली.

“भाईसाब, हो गया. और कुछ?”

“करो, करो.”

“और छोटा कर दूँ?”

“करो!”

“मशीन मार दूँ?”

“इम्रानभाई, जो करना है करो, बीच में मत आओ!”

पेनल्टी सुरू झाल्या. ओठावर काहीतरी गार लागलं, मी मान हलवली. शेवटची पेनल्टी आमच्या गोलकीपरने अडवली आणि मी गळ्यातल्या कापडासकट उडी मारली! आम्ही फायनलला! पैसे दिले, इम्रानभाईला मिठी मारली, पळालो.

रस्त्यावर डोक्याला वारा लागला. जरा जास्तच लागला. इमारतीच्या दारातला इजिप्शियन रखवालदार माझ्याकडे बघून उठून उभाच राहिला आणि हात हातात घेऊन म्हणाला, “उमरा? मबरूक!” मक्केची यात्रा करून आलो, असं वाटून अभिनंदन करत होता बिचारा. का वाटलं, हा विचार काही मला शिवला नाही. मी आनंदात होतो. “शुक्रन, शुक्रन” म्हणत जिना चढलो.

प्रशांतदादाने दार उघडलं. माझ्याकडे बघितलं आणि हातातला झारा खाली पडला.

“कवा?”

“काय कधी?”

त्याने मला घट्ट जवळ घेतलं. “आरं, बाप गेला तर सांगायचं न्हाई व्हय रे मला?”

भिंतीवरच्या आरशात मी पहिल्यांदा स्वतःकडे बघितलं. टक्कल. वर मिशीही नाही! सगळी संध्याकाळ आरशासमोर काढली होती हो मी!

आता तुम्ही म्हणाल, तिथेच सांगून टाकायचं, सामना बघत होतो म्हणून. सोपं आहे तुम्हाला. हुजरे मी कोणाला म्हटलं होतं? दादाला! तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडतोय, आणि मी त्याला काय सांगू? एक क्षण, फक्त एकच क्षण मी गप्प राहिलो. तेवढ्यात माझ्या तत्त्वांनी माझ्या बापाला पोचवलं.

“दादा, कोणी गेलं नाहीये. उन्हामुळे काढले केस.”

“आणि मिशी? मिशीला बी ऊन लागत हुतं?”

मी ओठावरून हात फिरवून बघितला.

“बस. दुःखात माणूस काहीबी बोलतंय,” दादा म्हणाला आणि मला पाणी दिलं.

फोन करून बाबांचा आवाजच ऐकवावा म्हणून खिशात हात घातला, तर फोन नाही. शोधाशोध करेपर्यंत दादाने ग्रुपवर बातमी टाकलीसुद्धा. खालच्या किराणा दुकानाचे हमीदचाचा, रत्नागिरीचे, दुकान बंद करून केळी घेऊन आले. “काय झाला ता सांग नको, बाबा. नुसता बस. रडू येत असेल तर रड.”

“चाचा, पण खरंच काही झालेलं नाही!”

“असाच वाटता पहिल्या दिवशी.”

मग शहराच्या पलीकडच्या भागातून, सलव्याहून, डॉक्टर वहिनी आल्या. आमच्या मंडळाच्या अध्यक्ष. पांढरी साडी नेसून. त्यांनी माझी नाडी बघितली आणि म्हणाल्या, “धक्का बसलाय. नाकारतोय तो. हे बघ, निखिल, फायनलसाठी खैरानला समुद्रावर बंगला भाड्याने घेतला होता ना, तो कार्यक्रम मी रद्द केलाय.”

“रद्द? का?”

“तुझ्या घरात असं झालेलं असताना आम्ही मोठ्या पडद्यावर फुटबॉल बघायचा? शोभतं का?”

अहो, त्या पडद्यावर माझा डोळा होता! फायनलला कोणी आग्रह केला तर नाईलाज झाल्यासारखं दाखवून बसायचं, असं मी कधीच ठरवलं होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, “नको वहिनी, रद्द करू नका! बाबांना ते आवडलं नसतं!”

झालं. आता मीच शिक्का मारला. हमीदचाचांनी डोळे पुसले.

“किती मोठं मन,” वहिनी म्हणाल्या. “आणि स्वतः तर बघणारही नाही हा. शब्दाचा पक्का. वडिलांचेच संस्कार.”

मी केळं सोलायला घेतलं. दुसरं काय हातात होतं?

तेवढ्यात दार वाजलं. दारात इम्रानभाई, हातात माझा फोन. तो वाजत होता.

“भाईसाब, मैच के चक्कर में कुर्सी पे ही छोड़ आए. आपके पापा का कब से फोन आ रहा है.”

फोनवर बाबांचा हसरा फोटो, गावच्या बसथांब्यावर काढलेला. हमीदचाचा “या अल्लाह” म्हणत दोन पावलं मागे सरले. वहिनींनी फोन इम्रानभाईच्या हातून काढून घेतला आणि स्पीकर चालू केला.

“निख्या, मी गेलो म्हणं,” बाबा विट्याहून गरजले. “तुमच्या ग्रुपवरच्या कुणीतरी हितं कळवलं. पाटलीणकाकू रडत आल्या. दार मीच उघडलं. त्यांना चक्कर आली, आता तुझी आई त्यांना कांदा हुंगवतीय. कशानं गेलो मी?”

“सेमीफायनलने,” मी म्हणालो.

“जिंकला का?”

“जिंकलो.”

“मग ठीक हाय,” म्हणत त्यांनी फोन ठेवला.

सगळे माझ्याकडे बघत होते. वहिनींनी पदर नीट केला. प्रशांतदादा कमरेवर हात ठेवून उभा. “म्हंजे तू मॅच बघत हुतास? हुजरे आम्ही, आन् तू?”

“दादा, मी बघत नव्हतो. मी आरशात...”

पुढचं खोलीत कोणाला ऐकायचंच नव्हतं.

पुढे क्लबने कप उचलला आणि त्याच महिन्यात लीगमधून खालच्या वर्गात घसरला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मॅनेजर कप घेऊन हसत बसमधून फिरला, आणि मी टोपी घालून कंपनीच्या बसमधून.

पण त्या संध्याकाळी हे सगळं व्हायचं होतं. तेव्हा इम्रानभाई एवढा वेळ दारातच उभा राहून माझ्या तोंडाकडे धंद्याच्या नजरेने बघत होता. जाता जाता थांबला आणि फार काळजीने म्हणाला, “भाईसाब, फाइनल में भी एक्स्ट्रा टाइम हुआ तो? अब तो सिर्फ भौंहें बची हैं.”