सावडीचा नेम

कोल्हारच्या काळ्या रानात कुंद्याचं खोल मुळ्यांचं तण माजलं की एका बैलजोडीचं काही चालत नाही. तिथं लोखंडी नांगराला चार जोड्या लागतात, आणि चार जोड्या एका दावणीला कुणाच्या? म्हणून सहादेवनं चार घरांची सावड बांधली होती. ज्यानंत्यानं आपली जोडी आणायची आणि पाळीपाळीनं चौघांची रानं नांगरायची. स्वतःची पाळी तो दरसाल शेवटी ठेवायचा. म्हणून तर बारा वर्षं सावड टिकली; नाहीतर या गावात सख्खे भाऊ बांधावरून कुऱ्हाडी काढतात.

नेम एकच, तोही त्यानंच घातलेला. जोडी नाही तर पाळी नाही. तीन वर्षांमागं सावडीतल्याच आसारामचा बैल मेला, तेव्हा त्याला बाजूला करून सहादेवनं छगनला घेतलं. आसारामनं पाय धरले, बाकीचे दोघं मधे बोलायला गेले तर त्यांनाही गप केलं, पण सहादेव हलला नाही. आसाराम रान पडीक टाकून पोटामागं निघून गेला. त्याचं नाव निघालं की सहादेवला अजून घास जात नसे.

पंचेचाळीस सालच्या वैशाखात तिघांची रानं उलथून झाली, आणि सहादेवच्या पाळीच्या आदल्या दिवशी त्याचा एक बैल पोट फुगून मेला. पाऊस महिन्यावर. नवा बैल काही झाडाला लागत नाही, आणि रान न नांगरता पेरलं तर कुंदाच पिकणार.

दुपारी सावडीतले तिघं, रंगनाथ, छगन आणि कानिफनाथ, सहादेवच्या दारातल्या लिंबाखाली येऊन बसले. सहादेव साठीचा. अंग आंबून गेलं होतं, बोलायचंही जिवावर आलं होतं. उरलेल्या तीन जोड्यांवरही रान निघालं असतं, जरा उथळ. ते कुणीतरी आपणहून म्हणावं, एवढीच त्याला आस होती. आपण मागायचं नाही, कारण आसारामनं मागितलं होतं आणि त्यानं दिलं नव्हतं.

"तुमी सांगाल तसं, तात्या," रंगनाथ खाली बघत म्हणाला.

"नेम तुमचाच हाय," छगन म्हणाला. बिचाऱ्याच्या मनात खोच नव्हती.

कानिफनाथानं नुसती मान हलवली.

"मंग इचारता काय?" सहादेव म्हणाला. "जोडी न्हाई, पाळी न्हाई."

तिघं उठले, घुटमळले आणि गेले.

लंकाबाई दारातून सगळं ऐकत होती. तिला नवऱ्याचा राग आला आणि कीवही आली. "तिघांतल्या एकाला बी तोंड न्हवतं व्हय?"

"हुतं की," सहादेव म्हणाला. "बारा वर्सं म्याच गप बसवलं त्यास्नी."