बेटावरचा पोटमाळा

मी काय काम करते हे आमच्या घरात कोणालाच धड सांगता येत नाही. आई लोकांना सांगते, "ती नकाशे काढते, पण आपल्याकडचे नाही." ऐकणारा "असं होय" म्हणतो आणि माझं लग्न का होत नाही याचा त्याला उलगडा होतो. खरं तर नकाशे मी काढत नाही. छोट्या छोट्या बेटांचे जे गरीब देश आहेत, त्यांना आपले नकाशे आपणच करता यावेत म्हणून एक सॉफ्टवेअर आहे. ते एकाच्या मालकीचं नाही. कोणीही फुकट घ्यावं, वापरावं, उघडून आत हवा तो बदल करावा. जगभरातले आम्ही काही जण मिळून ते सांभाळतो. "म्हणजे चाळीतला नळ," असं आई एकदा म्हणाली होती, आणि मी तेव्हापासून नवख्या लोकांना तेच सांगते.

आमची भोईवाड्यातली चाळ पुनर्विकासात गेली. टॉवर होईपर्यंत आम्ही वरळीला भाड्याच्या घरात आलो. बाबा चाळ कमिटीचे चिटणीस होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी नोकऱ्या बऱ्याच केल्या, पण जीव लावून केलं ते हेच काम. बिल्डरचा माणूस खोल्या मोजायला आला तेव्हा टेपचं दुसरं टोक बाबांनी स्वतः धरलं होतं. तरीही पोटमाळे मोजण्यात धरले नाहीत ते नाहीतच. वरळीला आल्यावर कमिटीला काम उरलं नाही आणि बाबांना विषय उरला नाही. ते दिवसभर खिडकीशी बसायचे. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची मागची बाजू दिसायची, म्हणजे बघण्यासारखं काहीच नाही. जेवायला हाक मारली की "भूक नाय" म्हणायचे. भांडायचे बंद झाले होते, आणि आमच्या बाबांच्या बाबतीत हे लक्षण वाईट होतं. मला मनातून भीती वाटायला लागली होती.

त्याच सुमारास एका बेटावरच्या गावाचं काम आलं. समुद्र दरवर्षी आत येत होता, म्हणून अख्खा गाव उचलून शेजारच्या उंच बेटावर न्यायचं ठरलं होतं. आकाशातून काढलेल्या फोटोवर एकेक छप्पर शोधायचं, त्याच्या कडेनं रेघ फिरवायची, झालं घर. नकाशावर जितकी आणि जेवढी घरं, तिकडे तितके आणि तेवढे प्लॉट. रेघा मारायला माणसं कमी पडत होती. मी बाबांना म्हटलं, "बघा तुम्हाला जमतंय का."

ते खुर्चीसकट वळले. "पुनर्विकास आसा तर," ते म्हणाले.

त्या दिवसापासून घरातला लॅपटॉप माझा राहिला नाही. सकाळी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून बाबा गावात शिरायचे. दुपारचं जेवण टेबलावरच. आई म्हणायची, "स्वतःच्या घरात कधी एक खिळा ठोकला नाही, आणि आता साता समुद्रापलीकडे बांधकाम काढलंय." पण भाकरी दोन जास्त जायला लागल्या, त्यामुळे ती खुशीत होती. मी तर इतकी खुशीत होते की काढलेलं काम तपासायचं सोडूनच दिलं होतं. बाबा माझ्याच नावानं घरं पुढे पाठवत होते.

एक दिवस तिकडच्या अधिकारी बाईंची चिठ्ठी आली. नाव तुमचं आहे, पण हात तुमचा दिसत नाही; गाव कोणी काढला, त्यांच्याशी व्हिडिओवर बोलायचं आहे.

मी नकाशा उघडला आणि डोक्याला हात लावला. एकही घर छपराच्या मापाचं नव्हतं. सगळी आडवी-उभी सुटली होती. काही रस्त्यावर आली होती. एक तर सरळ समुद्रात उतरलं होतं.

"बाबा, हे काय?"

"ओटो धरलाय," बाबा म्हणाले. "मागे न्हाणी असणार. चूल बाहेर असेल तर तिची जागा. मोजणारे कमीच धरतात गो, आपण सैल धरायचं. पुढे काटछाट होतेच."

"आणि हे एवढं बाजूला काय वाढवलंय?"

"पोटमाळो. वरून दिसत नाय, म्हणून बाजूला दिलो."

"प्रत्येकाला?"

"एकाला दिलो आणि दुसऱ्याला नाय, असं कमिटीत चालत नाय."

गावाच्या मधोमध एक लांबलचक छप्पर होतं. त्याचे त्यांनी सारखे तुकडे पाडले होते, पुढे गॅलरी सोडली होती, आणि शेवटच्या टोकाला एक चौकोन राखून ठेवला होता. तो कशाचा हे मी विचारलं नाही. चाळीत वाढलेल्या माणसाला ते विचारावं लागत नाही.

मी घाबरले ती नकाशासाठी नाही. नकाशा पुसता येतो. पण ही बाई तोंडावर सांगणार की सगळं चुकलंय, आणि बाबा परत खिडकीशी जाऊन बसणार. या खेपेला ते उठणार नाहीत असंच मला वाटत होतं.

व्हिडिओच्या दिवशी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. बाईंच्या मागे पंखा फिरत होता आणि कुठेतरी कोंबड्या ओरडत होत्या. मी मध्ये दुभाषी.

बाईंनी पहिलाच प्रश्न टाकला, "आमच्या प्रार्थनाघरात एवढी बिऱ्हाडं कोणी घातली?"

मी भाषांतर केलं. बाबा जरा चपापले. मग म्हणाले, "एवढी मोठी जागा आणि कोणी राहत नाय?"

"रविवारी सगळा गाव असतो," बाई म्हणाल्या. "आणि समुद्रात घर कोणाचं?"

"भरतीला पाणी येत असेल," बाबा म्हणाले, "पण ओहोटीला ती जागा त्याचीच ना? सोडायची कित्याक?"

हे भाषांतर करताना मला लाज वाटत होती. पण बाई हसायला लागल्या, आणि हसणं थांबेना. म्हणाल्या, "यांना सांगा, आमची घरं मोजायला जो येतो तो लहानच करून जातो. मोठी करणारा माणूस मी आज पाहिला." मग हसू आवरून त्यांनी सांगितलं की तरी हे सगळं पुसून पुन्हा काढावं लागेल. उंच बेटावर जमीन थोडी आहे. प्रत्येकाला पोटमाळा दिला तर शेवटच्या घरांना प्लॉटच उरणार नाही.

मी ते हळूहळू, शब्द शोधत सांगितलं. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"पुसा," बाबा म्हणाले. "शेवटच्याला प्लॉट मिळायलाच हवा. पण त्यांना एक विचार. तिकडे गेल्यावर कोणाच्या बाजूला कोण?"

बाई म्हणाल्या, प्लॉट नंबरानं वाटणार.

तेव्हा बाबा माझ्याकडे न बघता थेट स्क्रीनकडे बघून मराठीतच बोलायला लागले. आमच्या चाळीत भिंतीपलीकडे एक काका राहायचे. बाबा आणि ते गॅलरीतल्या चपलांच्या रॅकवरून जन्मभर भांडले. पण माझी आई एका रात्री आजारी पडली तेव्हा बाबांनी आधी भिंतीवर थाप मारली, डॉक्टरांना फोन नंतर. काका आता लेकीकडे बदलापूरला असतात. "खोली मिळेल हो," बाबा म्हणाले. "थाप खय मारू?"

मी भाषांतर केलं. आईनं माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. बाईंनी विचारलं, तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये शेजारी लिहायची सोय आहे का? नव्हती. पण आमचं सॉफ्टवेअर सगळ्यांचं आहे, त्यामुळे कोणाच्या पाया पडावं लागलं नाही. आठवड्याच्या आत मी घराच्या माहितीत एक नवा रकाना घातला: बाजूला कोण हवं? बाबांनी सगळा गाव पुन्हा काढला, या वेळी छपराबरहुकूम, पण तोंड वाकडं करून. बेटावर तो रकाना घरोघर विचारला गेला. बहुतेकांनी आहे तोच शेजारी मागितला. एका म्हातारीनं कोण नको तेवढंच सांगितलं. प्लॉट त्याप्रमाणे वाटले गेले, आणि इतर बेटांनीही तो रकाना उचलला.

पुढे आमच्या टॉवरची सोडत निघाली. परळच्या एका हॉलमध्ये सगळी चाळ जमली होती. काका बदलापूरहून पहाटे निघून आले होते. कम्प्युटरनं बटणासरशी मजले वाटले. बाबांना एकोणिसावा, काकांना सातवा.

"सुटलो एकदाचा तुझ्या चपलांतून," काका म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.

बाबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "गो, ह्यांच्या कम्प्युटरात तुझा तो रकाना नाय?"

"नाही, बाबा."

"मग घाल की."

मी त्यांना समजावून सांगितलं की हे सॉफ्टवेअर बिल्डरचं आहे. ते बंद असतं, आपल्याला आत हात घालता येत नाही. बाबांनी मान हलवली, जणू त्यांना ते आधीच ठाऊक होतं. मला फार वाईट वाटलं. ज्यांना कधी पाहिलं नाही त्या माणसांना मी शेजारी मिळवून दिला होता, आणि माझ्या बापाला काही देता येत नव्हतं.

बाबा काकांकडे परत गेले. थोड्याच वेळात दोघांचे आवाज चढले. रोज भेटायला लिफ्टनं कोणी वर यायचं की कोणी खाली, यावरून भांडण सुरू झालं होतं. वरचा मजला मानानं मोठा असतो, म्हणून तू ये, असं बाबांचं म्हणणं होतं. हॉल रिकामा झाला, वॉचमन पंखे बंद करायला आला. आईनं मला खूण केली, चल, आवर त्यांना. मी जागची हलले नाही.