पाठीवरचे साहेब

आमच्या तालुक्यात खेळाडूला काय हवं ते कोणी विचारत नाही. फोटो कुठे बसेल ते विचारतात. हे मी रागानं लिहिते आहे आणि राग अजून गेलेला नाही.

मी शेणव्याजवळच्या एका शाळेत पी.टी. शिकवते आणि मुलींची कबड्डी घेते. मुली मातीत खेळून तयार झालेल्या. निवडीचे सामने मात्र आता मॅटवर होतात, आणि मॅटवर गुडघा घासला की सालटंच निघतं. माझी डाव्या कोपऱ्यावरची मुलगी चढाईला आलेलीचा घोटा धरायला थेट गुडघ्यांवर झेप घ्यायची. नी-कॅप नव्हत्या, म्हणून तिनं भावाच्या जुन्या मोज्यांचे पंजे कापून वरच्या नळ्या गुडघ्यांवर चढवल्या होत्या. दोन पकडी झाल्या की त्या घोट्यापाशी यायच्या. ही बया ओढून वर घ्यायची आणि पुन्हा वाकून उभी राहायची.

वयोगटातलं तिचं ते शेवटचं वर्ष होतं. तिचे वडील भातशेती सांभाळून वाशिंदला कंपनीत जाणारे, सरळ गृहस्थ. त्यांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, "बाई, यंदा जिल्ह्यात निवड झाली तर पुढं पाठवतो तिला. नाय झाली तर खेळ बास." त्यांच्यावर रागवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

म्हणून मी नी-कॅप मागायला गेले. गावाला अधूनमधून काही ना काही देणारे एक साहेब आहेत. ते भेटले नाहीत, पण त्यांच्या कार्यकर्त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाला, "नी-कॅपवर साहेबांचा फोटो कुठं बसनार, बाई? आपन टी-शर्ट देऊ. एकदम भारीतले."

टी-शर्टांना काय तोटा होता आमच्याकडे! आधीच्या तीन साहेबांचे तीन रंगांचे पडलेले होते. पोरींचे बाप ते घालून भात लावतात. तिथंच म्हणायला हवं होतं की भाऊ, अंग झाकलेलं आहे, गुडघे उघडे आहेत. पण दान दिलेल्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात, आणि मी मोजले नाहीत. "चालेल," म्हणून आले.

डिझाइन व्हॉट्सॲपवर आलं. पुढे गावाचं नाव आणि शुभेच्छुकांची भलीमोठी यादी. मागे पाठभर साहेब, हात जोडलेले. नंबर कुठे, तर त्या जोडलेल्या हातांच्याही खाली, शेवटच्या शिवणीला टेकलेला. मी फक्त गावाचं नाव बरोबर आहे ना ते पाहिलं आणि अंगठा पाठवून दिला. वीस वर्षं मैदानावर काढलेल्या बाईनं!

मापं कोणी विचारलीच नाहीत. सगळे टी-शर्ट एक्स्ट्रा लार्ज आले. पोरींच्या आया मात्र खूश. "वाढत्या अंगाला बरे," म्हणाल्या. सतराव्या वर्षी पोरीचं अंग आणखी कुठवर वाढणार होतं, देव जाणे. टी-शर्ट पार मांड्यांपर्यंत लोंबत होते.

निवड मुरबाडला होती. सकाळी जीपनं गेलो. ढगळ कपडा पकडीत सापडतो, म्हणून मैदानात उतरण्याआधी मी शिट्टी वाजवून ओरडले, "टी-शर्ट खोचा! नीट खोचा, पार आत!" सगळ्यांनी खोचले. एका रांगेत उभ्या राहिल्या तेव्हा माझंच मला कौतुक वाटलं.

आणि ती खेळली! एकदा तर आपल्यापेक्षा दीडपट पोरगी तिनं घोट्याला धरून जागच्या जागी बसवली. गुडघ्यांची सालं निघाली, मॅटवर रक्त लागलं, पंचांनी फडका मागवला. पुसून झाल्यावर ही पुन्हा कोपऱ्यात. बाहेरची माणसं टाळ्या वाजवत होती.

दुपारी यादी वाचली. तिचं नाव नव्हतं.

मी तडक निवड समितीच्या टेबलापाशी गेले. तिथले एक वयस्कर गृहस्थ शांतपणे म्हणाले, "बाई, ती कोपऱ्यावरची मुलगी आम्हालाही आवडली होती. पण आम्ही नंबर लिहितो, आणि तुमच्या एकीचाही नंबर दिसेना. जिकडे बघावं तिकडे साहेबच."

"मग विचारायचं की मला! ही काय इथं उभी होते!"

"सामना चालू असताना? आणि आता तुमच्या सांगण्यावरून नाव घातलं, तर सगळे कोच रांग लावतील. सह्या झाल्यात, बाई."

मी भांडले. आवाज चढवून भांडले, आणि भांडताना मला पक्कं ठाऊक होतं की फोटो साहेबांचा असला तरी नंबर आत खोचायला लावणारी मीच. ते टेबलावरच्या माणसांना सांगायची माझी हिंमत झाली नाही.

मुलगी केव्हा मागे येऊन उभी राहिली होती, कळलं नाही. ती पुढे झाली. खोचलेला टी-शर्ट दोन्ही हातांनी बाहेर ओढला, खाली ताणून धरला आणि त्यांच्याकडे पाठ केली.

"आता बगा, सर. दिसतो ना?"

त्या गृहस्थांनी चष्मा सारखा केला. "अकरा," त्यांनी मोठ्यानं वाचलं. मग पेनाला टोपण लावलं, कागद गोळा केले आणि बाकीच्यांबरोबर उठून गेले.

ती तशीच पाठमोरी उभी होती, टी-शर्ट ताणून, लिहून होण्याची वाट बघत.